आधी नोकरी, मग संशोधन

1912 च्या मार्चमध्ये श्रीनिवास रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून रुजू झाले. पगार महिना 30 रुपये. गणित सोडून बाकीच्या विषयांत नापास होत राहिल्याने पदवी हुकली होती, लग्न झालं होतं आणि वह्या मात्र सूत्रांनी भरल्या होत्या. कागद परवडत नसे, म्हणून पार्सलांचे बांधणीचे कागद उचलून त्यांवरच ते आकडेमोड करत. पुढच्या जानेवारीत केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिताना त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की आपण वर्षाला अवघ्या वीस पौंडांवर काम करणारे कारकून आहोत.

हार्डींचं उत्तर आलं आणि चक्रं फिरली. 1913 मध्ये मद्रास विद्यापीठाने रामानुजन यांना दोन वर्षांसाठी महिना 75 रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. नियमाप्रमाणे त्यासाठी एम.ए. लागत असे. रामानुजन यांच्याकडे साधी पदवीही नव्हती. तरी संशोधनाला उत्तेजन देणं हे विद्यापीठाचं कामच आहे, असा कायद्याचा आधार घेऊन त्यांच्यासाठी नियम बाजूला ठेवला गेला. अट एकच होती: दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा. गणित शोधण्यासाठी, फक्त त्यासाठीच, माणसाला दरमहा पैसे द्यायचे ही कल्पना त्या काळच्या मद्रासमध्ये नवीन होती.

कारण तोवरची रीत वेगळी होती. हुशार मुलाने परीक्षा द्यावी, सरकारी खात्यात चिकटावं आणि विज्ञानाची हौस असलीच तर ती फावल्या वेळात भागवावी. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी हेच केलं. 1906 मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या नियतकालिकात छापून आला होता. तरीही पुढच्याच वर्षी ते वित्त खात्याची परीक्षा देऊन कलकत्त्याला हिशेबनीस अधिकारी झाले. दिवसा कचेरी आणि सकाळ-संध्याकाळ प्रयोगशाळा, असं दहा वर्षं चाललं. 1917 मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होण्यासाठी त्यांनी ती नोकरी सोडली, तेव्हा पगार जवळपास निम्म्यावर आला. हे धाडस सगळ्यांना जमणारं नव्हतं.

रामन यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यापुढेही हाच पेच होता. वडिलांची इच्छा होती मुलाने आयसीएस व्हावं. आईने मात्र मन मानेल ते करायला सांगितलं. पण त्याआधी, 1928 मध्ये, एक गोष्ट घडली होती. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्ड मद्रासला आले होते. प्रेसिडेन्सीत शिकणारा हा मुलगा त्यांना भेटायला थेट त्यांच्या हॉटेलवर गेला. झोमरफेल्ड यांचं पुस्तक आपण वाचलं आहे, असं त्याने सांगितलं. त्यांनी उत्तर दिलं, की ते पुस्तक लिहिल्यानंतर भौतिकशास्त्र पार बदलून गेलंय. मग त्यांनी आपल्या अजून न छापलेल्या लेखाची मुद्रितं त्याच्या हातात ठेवली. त्याच वाचनातून चंद्रशेखर यांचा पहिला महत्त्वाचा निबंध आकाराला आला. दोन वर्षांनी ते इंग्लंडच्या बोटीत बसले, ते कायमचे परदेशी झाले.

मुलींसाठी तर ही वाट आणखी अरुंद होती. प्रेसिडेन्सीतून पदवी घेतलेल्या अण्णा मणी बंगळुरूला रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरा आणि माणिक यांच्या प्रकाशगुणांवर त्यांनी पाच शोधनिबंध लिहिले आणि 1945 मध्ये मद्रास विद्यापीठाला पीएचडीचा प्रबंध सादर केला. विद्यापीठाने पदवी नाकारली. कारण? एम.एस्सी. नव्हती. रामानुजन यांच्यासाठी ज्या विद्यापीठाने नियम वाकवला, त्यानेच बत्तीस वर्षांनी अण्णा मणींपुढे नियम ताठ उभा केला. 1948 मध्ये त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि देशाची हवामान उपकरणं देशातच तयार व्हावीत म्हणून आयुष्यभर झटल्या. डॉक्टरेट मात्र त्यांना कधीच मिळाली नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. संशोधन हा पूर्णवेळ पेशा होऊ शकतो, हे मद्रासने, म्हणजे आजच्या चेन्नईने, तीन ठिकाणी दाखवलं. लोयोला कॉलेजात फादर रसीन हे फ्रेंच जेझुइट गणित शिकवत. पॅरिसमध्ये संशोधन करून आलेला हा शिक्षक चांगली मुलं हेरायचा आणि त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची वाट दाखवायचा. एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री 1953 मध्ये त्याच वाटेने मुंबईला गेले आणि पुढे दोघांच्या नावाचं प्रमेय जगभर गाजलं. इकडे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी शेजारच्या चर्म संशोधन संस्थेतून कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध मिळवला आणि गोपीनाथ कार्था यांच्यासह 1954 मध्ये कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली. तिसरं ठिकाण म्हणजे मैलापूरचं एक घर. भौतिकशास्त्रज्ञ अल्लादी रामकृष्णन तिथे विद्यार्थ्यांची चर्चासत्रं भरवत. 1960 मध्ये खुद्द नील्स बोर त्या घरी आले आणि त्यांनी मुलांचं कौतुक केलं. त्यातूनच 3 जानेवारी 1962 रोजी गणितीय विज्ञान संस्था उभी राहिली. उद्घाटनाला चंद्रशेखर हजर होते.

या तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याला संशोधन करणारा माणूस रोज डोळ्यांसमोर दिसत होता. पुढे नेमकं हेच आटत गेलं. पैसा आणि उपकरणं राष्ट्रीय प्रयोगशाळांकडे व विशेष संस्थांकडे गेली, तर विद्यार्थी राहिले महाविद्यालयांत. संशोधन विद्यापीठांतच वाढायला हवं, असं भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा आधीपासूनच तळमळीने सांगत होते. बीएस्सीचा मुलगा जर्नलमध्ये ठरलेले प्रयोग उतरवून काढू लागला, आणि ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा प्रश्न त्याच्या वाट्याला येईना.

त्यातच अभियांत्रिकीची लाट आली. महाराष्ट्रात 1983 मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली, तमिळनाडूत 1984 मध्ये मुख्यमंत्री एमजीआर यांच्या सरकारने तेच केलं. सामान्य घरातल्या, खेड्यातल्या मुलांना त्यातून खरोखर संधी मिळाली, आणि तिचं मोल मोठं आहे. पण बारावीच्या घरात चर्चा एकच उरली: गणिताचे शंभर, भौतिक-रसायनाचे पन्नास-पन्नास, दोनशेपैकी कट-ऑफ किती? 2000 मध्ये तरमणीला, गणितीय विज्ञान संस्थेपासून हाकेच्या अंतरावर, टायडल पार्क उघडलं. शेषाद्रींनी 1989 मध्ये एका खत कंपनीच्या मदतीने सुरू केलेली चेन्नई गणितीय संस्था 2005 मध्ये त्याच रस्त्याने पुढे, सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये राहायला गेली. तिथे 1998 पासून पदवीच्या मुलांना संशोधन करणारे गणितज्ञ शिकवतात. तिथली कितीतरी मुलं जगातल्या नामांकित विद्यापीठांत पीएचडीला गेली. सभोवती सॉफ्टवेअर कंपन्या असूनही गेली.

मग इतर मुलं का जात नाहीत? हिशेब मांडून पाहावा. अभियंता बाविसाव्या वर्षी कमावता होतो. संशोधकाला पदवी, पदव्युत्तर पदवी, पाच-सहा वर्षांची पीएचडी आणि त्यावर पोस्टडॉक, असं करत तिशी ओलांडावी लागते. जानेवारी 2023 पासून कनिष्ठ फेलोशिप महिना 37,000 रुपये झाली, ही चांगली गोष्ट. पण ती वेळेवर हातात पडेल याची खात्री नसते. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी आपल्याच संशोधक विद्यार्थ्यांना पुण्या-मुंबईत आंदोलनाला बसावं लागलं. पीएचडी हातात आली तरी पुढे तासिका तत्त्वावरची नेमणूक. 2020-21 मध्ये देशाने संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च केला. चीनचा आकडा दोन टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण कोरियाचा चारच्या वर. 2021-22 मध्ये उच्च शिक्षण घेणाऱ्या 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी पीएचडीला होते 2.12 लाख, म्हणजे दोनशेत एक, तेही सगळे विषय धरून.

"बीएस्सी करून पुढे काय?" असं विचारणारी आई विज्ञानाची वैरी नसते. चंद्रशेखर यांच्या वडिलांना पडलेला प्रश्नच तिला पडतो, आणि शंभर वर्षांत आपण त्याचं नीट उत्तर तयार केलेलं नाही. मुलांना आवड नाही, चिकाटी नाही, असं म्हणून हात झटकणं अन्यायाचं आहे. जिथे फेलोशिप वेळेवर मिळाली आणि शिकवणारा स्वतः शोध घेणारा होता, तिथे मुलं आली.

म्हणून सरकारकडे मागणी साधी असावी: फेलोशिप दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आणि विद्यापीठांतल्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरलेल्या. महाविद्यालयांनी पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक तरी खरा, न सुटलेला प्रश्न द्यावा. आणि पालकांना एक विनंती. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला मुलांना घेऊन जा, आणि तिथल्या संशोधकांशी त्यांना मनसोक्त बोलू द्या.