साक्षीचा डोळा

संजय म्हटलं की आपल्याला हस्तिनापूरचा महाल आठवतो. आंधळा राजा आसनावर, शेजारी संजय, आणि दूर कुरुक्षेत्रावर जे चाललंय ते तो बसल्या जागेवरून पाहून सांगतोय. दूरदर्शनच्या मालिकेनं हे चित्र घरोघर पक्कं केलं. भीष्मपर्व उघडलं की मात्र वेगळंच दिसतं. संजय रणांगणावरून हस्तिनापुरात येतो आणि भीष्म पडल्याचं सांगतो. तो युद्धाचा दहावा दिवस. गीतेचं निवेदन त्यानंतरचं आहे, म्हणून धृतराष्ट्राच्या त्या पहिल्या प्रश्नातलं क्रियापद भूतकाळातलं आहे. पुढे शल्यपर्वात पांडवांकडचा सात्यकी संजयला पकडतो आणि मारायला तलवार उपसतो. व्यास येतात म्हणून तो सुटतो.

दिव्यदृष्टी लाभलेला माणूससुद्धा रणात उतरलेला होता, मानेवर तलवार येईपर्यंत आत गेलेला होता. महाभारतकाराला ही गोष्ट आवश्यक वाटली, याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे.

साक्षी या शब्दाच्या पोटात अक्ष आहे, म्हणजे डोळा. प्रत्यक्ष पाहतो तो साक्षी. आपल्याकडे हा शब्द दोन घरांत नांदतो. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो. जे घडतं त्याचा डाग त्याला लागत नाही. कोर्टातला साक्षीदार मात्र पिंजऱ्यात उभा राहतो, शपथ घेतो, उलटतपासणी सोसतो आणि पुष्कळदा गावाचं वैर घेऊन घरी जातो. युद्धभूमीवरून बातमी देणाऱ्यानं यातलं कोणतं घर निवडावं? पत्रकारितेची पाठ्यपुस्तकं पहिल्या घराकडे बोट दाखवतात. युद्धवार्ताहर मेरी कॉल्विन यांचं आयुष्य पाहिलं की ते घर युद्धात उभंच राहू शकत नाही असं वाटू लागतं.

कॉल्विन मूळच्या अमेरिकेच्या, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वाढलेल्या. १९८५ पासून लंडनच्या ‘संडे टाइम्स’साठी त्या लिहीत होत्या. येल विद्यापीठात त्या जॉन हर्सी यांच्या वर्गात बसल्या होत्या. अणुबॉम्बची गोष्ट सहा माणसांच्या दिवसक्रमातून सांगणारं ‘हिरोशिमा’ लिहिणारे ते हेच. ही शिकवण कॉल्विन यांच्या हाडीमाशी भिनली. तोफा कोणत्या बनावटीच्या, कोणत्या सेनापतीनं कोणती चाल केली, यात त्यांना फारसा रस नव्हता. तोफेच्या दुसऱ्या टोकाला घर कोणाचं आहे आणि त्या घरात आज काय शिजलं, हे त्या विचारत.

१९८७ साली बैरूतच्या दक्षिणेला बुर्ज अल-बराजनेह या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीला अमल या सशस्त्र संघटनेनं वेढा घातला होता. अमलच्या पाठीशी सीरिया होता. महिनोन्‌महिने वेढा चालला आणि आतलं अन्न संपत आलं. पुरुष बाहेर पडले तर मेलेच, म्हणून अन्न-पाणी आणायला बायका जात आणि छावणीबाहेरच्या उघड्या वाटेवर बंदूकधारी त्यांना टिपत. कॉल्विन आणि छायाचित्रकार टॉम स्टॉडार्ट तीच वाट धावत ओलांडून आत शिरले. त्यांच्यासमोर एक तरुण बाई त्या वाटेवर गोळी लागून पडली आणि छावणीतल्या तुटपुंज्या दवाखान्यात तिनं प्राण सोडले. कॉल्विन यांनी तिच्या कानातले इवलेसे डूल पाहिले, वेदनेनं मुठीत घट्ट धरलेली माती पाहिली आणि तेच लिहिलं. बातमी छापून आली आणि काही दिवसांतच वेढा सैल झाला. एका लेखानं वेढा उठतो असं मी म्हणणार नाही. दमास्कसचे हिशेब निराळे असतात. पण ती मूठ जगानं पाहिल्यावर तो हिशेब पूर्वीसारखा मांडता येईना, एवढं खरं.

पाहणं म्हणजे नुसतं टिपून घेणं नव्हे, पाहणारा तिथं असल्यानं घडणारी गोष्ट बदलते, हे त्याहून स्पष्ट दिसलं ते १९९९ साली पूर्व तिमोरमध्ये. ३० ऑगस्टच्या सार्वमतात लोकांनी इंडोनेशियापासून स्वातंत्र्य मागितलं आणि इंडोनेशियाच्या सैन्याचा आशीर्वाद असलेल्या टोळ्यांनी राजधानी दिली पेटवली. माणसं संयुक्त राष्ट्रांच्या आवाराकडे पळाली. आयांनी काटेरी तारांवरून पोरं आत टाकली. आत सुमारे १,५०० जण, बहुतेक बायका-मुलं. संयुक्त राष्ट्रांनी कर्मचाऱ्यांना बाहेर काढायचं ठरवलं. आसऱ्याला आलेल्यांचं काय, याला उत्तर नव्हतं. बहुतेक पत्रकारही निघाले. कॉल्विन आणि दोन डच महिला पत्रकार राहिल्या, जायला नकार देणारे संयुक्त राष्ट्रांचे काही कर्मचारीही राहिले. कॉल्विन फोनवरून जगाला रोज सांगत होत्या की ही माणसं इथं आहेत. अखेर त्या सगळ्यांना विमानांनी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला हलवण्यात आलं.

यावर आक्षेप घेणारे आहेत आणि त्यांचा आक्षेप मी हलका मानत नाही. बातमीदार घटनेत उतरला तर त्याची नजर मळते. आज तो दयेपोटी थांबतो, उद्या दयेपोटी काहीतरी वगळतो. पण दिलीच्या त्या आवारात तटस्थपणा कुठे होता? निघून जाणं हाही एक निर्णय होता आणि त्याचे परिणाम तारांच्या आतल्या माणसांना भोगावे लागले असते. तटस्थ राहायचं ते वर्णनात. पाय कुठे रोवायचे हे ठरवताना कोणालाच तटस्थ राहता येत नाही.

त्या निवडीची किंमत लवकरच चुकवावी लागली. एप्रिल २००१ मध्ये कॉल्विन श्रीलंकेतल्या, तमिळ बंडखोरांच्या ताब्यातल्या वन्नी भागात सरकारी परवानगीशिवाय गेल्या. पत्रकारांना तिथं बंदी होती, आणि आतल्या तमिळ माणसांची अन्नाविना, औषधाविना होणारी परवड बाहेर पोहोचत नव्हती. परतताना रात्री सरकारी हद्दीजवळ गोळीबार सुरू झाला. आपण पत्रकार आहोत असं त्या ओरडून सांगत होत्या, तरी ग्रेनेड आला. डावा डोळा गेला. इस्पितळातून त्यांनी तीन हजार शब्दांची बातमी लिहून पाठवली आणि त्यानंतर डोळ्यावर काळी पट्टी बांधून अकरा वर्षं त्या युद्धांत जात राहिल्या.

त्याच श्रीलंकेनं त्यांना आणखी एक घाव दिला. मे २००९ मध्ये युद्धाच्या शेवटच्या तासांत ‘तमिळ वाघ’ या बंडखोर संघटनेचे नेते नडेसन आणि पुलिदेवन यांनी त्यांना लंडनला फोन केला: आम्हाला शरण यायचं आहे, कोणाला तरी सांगा. कॉल्विन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या वरिष्ठांपर्यंत निरोप पोहोचवला. ते दोघे मेले. कसे मेले याबद्दल तमिळांचं आणि सरकारचं म्हणणं वेगवेगळं आहे. कॉल्विन यांच्याजवळ फक्त फोनवरचे आवाज होते. दिलीत त्या तारांच्या आत होत्या, इथं नव्हत्या. प्रत्यक्ष असणं आणि नसणं यातलं अंतर याहून कठोरपणे दाखवणारी दुसरी घटना मला ठाऊक नाही.

फेब्रुवारी २०१२ मध्ये त्या सीरियातल्या होम्स शहरात, बाबा अम्र या सरकारी फौजांनी वेढलेल्या वस्तीत, पाणी वाहून नेणाऱ्या भुयारातून वाकून शिरल्या. तळघरात दडलेल्या विधवांवर लिहिलं. मोठा हल्ला येतोय अशा खबरा आल्या म्हणून बाहेर पडल्या आणि मग त्याच भुयारातून परत आत गेल्या. २१ तारखेच्या संध्याकाळी बीबीसी, चॅनेल फोर आणि सीएनएनवर त्यांनी त्या दिवशी डोळ्यांदेखत गेलेल्या एका तान्ह्या बाळाबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकारांच्या घरावर तोफगोळे पडले. कॉल्विन आणि फ्रेंच छायाचित्रकार रेमी ओश्लिक मारले गेले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयानं सीरियाच्या सरकारला जबाबदार धरून ३० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश दिला. पत्रकारांचा माग काढून त्या घराला मुद्दाम लक्ष्य केलं, असा त्याचा निष्कर्ष होता. सात्यकीच्या तलवारीपाशी व्यास होते. बाबा अम्रला मध्ये पडायला कोणी आलं नाही.

आणखी एक नाव इथं लिहिल्याशिवाय मला थांबता येत नाही. रामी अल-सय्यद त्या वस्तीतलेच. गोळे पडत असताना ते कॅमेरा सुरू ठेवत आणि बाबा अम्रचं चित्र इंटरनेटवरून थेट जगाला दाखवत. कॉल्विन यांच्याजवळ लंडनचं वृत्तपत्र होतं, परदेशी पासपोर्ट होता, आणि भुयारातून निघून जाण्याची वाट होती. ती वाट एकदा धरून त्या परत आल्या होत्या. सय्यद यांना परत यायची वेळच आली नाही, कारण ते कुठे गेलेच नव्हते. २१ फेब्रुवारीला, कॉल्विन त्या बाळाबद्दल सांगत होत्या त्याच दिवशी, त्यांच्याच वस्तीतल्या गोळाफेकीत ते गेले.