मर्यादा

मर्यादा म्हटली की मनात आधी निषेध उभा राहतो. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी आखलेल्या पूररेषांकडेही बहुतेक जण याच दृष्टीने पाहतात. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी, 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत नवे घर उभारायचे नाही, दोहोंच्या मध्ये अटी पाळून उभारायचे. जागेचा मालक म्हणतो, माझा हक्क गेला. नदीप्रेमी म्हणतात, हक्क नदीचा होता, तो आता कुठे कागदावर आला.

परंतु लाल रेषेची मर्यादा एका माणसाच्या आयुष्याहून लांब आहे. जो पूर आजोबांनी पाहिला नाही आणि नातू कदाचित पाहणार नाही, त्याच्यासाठी भर उन्हाळ्यात, नदी पायाशी बारीक वाहत असताना, अटी पाळून घर उभारायचे, हे नुसत्या हिशेबाने होत नाही. न दिसणाऱ्यावर भरवसा ठेवण्याचा अभ्यास ज्याला आहे त्यालाच ते साधते. केंद्राने पूरक्षेत्राच्या आखणीचा नमुना कायदा 1975 सालीच राज्यांकडे धाडला, आणि तो मोजक्याच राज्यांनी केला, यात मला या अभ्यासाचीच उणीव दिसते.

हा अभ्यास आपल्याकडे नाही असे मात्र नाही. नृसिंहवाडीला कृष्णा चढते, उत्तरेच्या दाराने गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वाराच्या पाण्यात स्नान करायला भाविक धावतात. देवाच्या घरात पाण्याला यायची वाट आहे आणि जायचीही आहे. मर्यादेचा हा मला सर्वांत जवळचा अर्थ: दुसऱ्याची वाट मोकळी ठेवणे.

म्हणून दोन रेषांमधल्या घराचे जोते उंच केले की नियम पाळला, एवढ्यावर पर्यावरणवाद्यांचे समाधान होत नाही, आणि ते योग्यच आहे. भर घालून उचललेले अंगण कोरडे राहते, पण तिथे मावणारे पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर जाते. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेने महामार्ग अडवला. तेव्हापासून या पट्ट्यात ‘भराव नको, पिलर द्या’ हे मागणे ऐकू येते, ते याच मर्यादेचे रोखठोक रूप आहे.

आणि बेळगावात तर नदीही लागत नाही, बळ्ळारी नाला पुरतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात बासमतीची लावणी होते न होते तोच नाला फुगून उलटतो, पाणी बांधावरून सरकत नाही, आणि कोवळे रोप मुळाशी पिवळे पडून हाताला लिबलिबीत लागते. गाळ काढा, अतिक्रमणे हटवा, हे शेतकरी दर पावसाळ्याला सांगतात. मी त्यात एवढीच भर घालीन की नाल्याची मर्यादा त्याच्या भरल्या पाण्यावरून मोजावी, आणि वरच्या अंगाला नव्या वसाहतीचा नकाशा मंजूर होण्याआधी मोजावी. लावणी कुजल्यावर होणाऱ्या पंचनाम्यात त्या मोजणीचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही.