देवाची परीक्षा आणि गाडीचा टायर



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आपण प्रभू येशूच्या मोहांविषयी ऐकतो. देवदूत झेलतील असे सांगून सैतान त्याला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकायला सुचवतो. प्रभू नकार देतो. पित्यावर त्याचा विश्वास आहे, म्हणूनच तो पित्याची परीक्षा पाहत नाही.

सुटीत आपण वेलंकनीला, गोव्याला गाडी घेऊन निघतो. आरशाला रोझरी असते, निघताना प्रार्थनाही होते. हे चांगलेच आहे. पण टायरची हवा शेवटची कधी तपासली, हे घरात कोणाला सांगता येत नाही. पाच जणांच्या गाडीत सात जण, टपावर बॅगा. हा विश्वास की शिखरावरची उडी?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. जून २०२५ मध्ये तो पूर्ण खुला झाला. मोटारीला तेथे ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या वेगात चाक मिनिटाला सुमारे हजार वेळा फिरते. प्रत्येक फेरीत टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा उठतो. हवा कमी असली की तो जास्त दबतो आणि आतून तापतो. रबर व आतील पोलादी तारांची पकड सुटू लागते, आणि एका क्षणी टायरची साल निघते किंवा तो फुटतो. गावात चाळीसच्या वेगाने हाच टायर महिनोन्‌महिने कुरकुर करीत नाही, म्हणून आपण फसतो. सरळ रस्त्यावर तासन्‌तास वेग कमी होत नाही, त्यामुळे उष्णताही उतरत नाही.

१ जुलै २०२३ रोजी याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जण गेले. टायर फुटला, असे चालकाने सांगितले. परिवहन खात्याच्या तपासणीत तसा पुरावा मिळाला नाही. टायरवर, नाहीतर देवाच्या मर्जीवर दोष ढकलणे आपल्यालाही सोपे जाते.

ख्रिस्तसभेने मात्र हा विषय पाचव्या आज्ञेखाली घेतला आहे. वेगाच्या हौसेपायी स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण (क्र. २२९०) सांगते. २००७ मध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही दिल्या. आपल्यापैकी किती जण पापनिवेदनात वेगाचा उल्लेख करतात?

नव्या गाडीला आशीर्वाद मागायला आपण हौसेने येतो. जुन्या गाडीचे टायरही एकदा वाकून पाहू या. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाच १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर बाद. (फोन घेताना आपण चार दुकाने फिरतो, टायर मात्र 'अजून चालेल'!) हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरील आकड्याप्रमाणे भरावी. आणि टायर फुटलाच, तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरावे, ॲक्सिलरेटर सोडावा आणि वेग उतरल्यावर गाडी डावीकडे घ्यावी.