दैवाच्या खात्यावर

चैत्र सरत येतो, गव्हाची कापणी उरकते आणि माळव्याच्या काळ्या शिवारात संध्याकाळी जाळाच्या रेषा दिसू लागतात. उज्जैनहून बडनगरच्या किंवा आगरच्या रस्त्याने त्या दिवसांत जो गेला असेल, त्याला हा देखावा परिचित आहे. हार्वेस्टरने गहू कापला की वीत-दीड वीत ताटे उभी राहतात. त्यांना इकडे ‘नरवाई’ म्हणतात. शेत मोकळे करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आगकाडी. मग वारा फिरतो, जाळ बांध ओलांडतो आणि शेजाऱ्याचा उभा गहू, रचून ठेवलेला भुसा, कधी गोठाही भस्मसात होतो. दुसऱ्या दिवशी पंचनामा होतो.

मध्यप्रदेशात ज्यांनी महसुली कामकाज केले आहे, त्यांना राजस्व पुस्तक परिपत्रकातील ‘सहा-चार’ हा क्रमांक पाठ असतो. नैसर्गिक आपत्तीत सापडलेल्यांना साहाय्य द्यावयाचे ते त्याच्याच आधारे. गारपीट, अतिवृष्टी, वीज, आग, सर्पदंश या सर्वांना त्यात जागा आहे. आम्हीही नोकरीच्या काळात अशा अनेक प्रकरणांवर सह्या केल्या. पीडिताला साहाय्य मिळाले पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ‘नैसर्गिक’ हा शब्द एकदा लिहिला की प्रकरण मिटत असे, आणि आग का लागली हा प्रश्नही त्याच फाइलीत बांधला जात असे. आता निवांतपणी तो प्रश्न पुन्हा समोर येतो. ज्याला आपण नैसर्गिक म्हणतो, त्यात निसर्ग किती आणि आपण किती?

हा प्रश्न जुना आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आठ दैवी महाभये सांगितली आहेत: अग्नी, उदक, व्याधी, दुर्भिक्ष, उंदीर, हिंस्र पशू, सर्प आणि राक्षस. नाव ‘दैवी’; पण उपाय मात्र माणसाच्या हातचे. उन्हाळ्यात ग्रामस्थांनी स्वयंपाक घराबाहेर करावा, असे तो सांगतो. पेटलेले घर वाचवावयास न धावणाऱ्या मालकाला तो १२ पण दंड ठरवतो आणि भाडेकऱ्याला ६ पण. संकट दैवाचे मानूनही कर्तव्यातून सूट न देणारी ही दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते.

दुसरा प्रसंग १९३४ चा. १५ जानेवारीस बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. गांधीजींनी त्यास अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचे ईश्वरी शासन म्हटले. अस्पृश्यतेच्या विरोधात गांधीजींच्याच बाजूने असलेल्या रवींद्रनाथांनी याला जाहीर हरकत घेतली. भौतिक घटनेचे कारण भौतिकच असते, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी ती हरकत आपल्या ‘हरिजन’मध्ये छापली आणि उत्तरही दिले. भूकंपाविषयी रवींद्रनाथ बरोबर होते, यात आम्हांस शंका नाही. परंतु वणवा आणि दुष्काळ यांची जात निराळी आहे. येथे भौतिक कारण शोधीत गेले की वाटेत माणसाचे आचरणच भेटते.

जंगलांचेच पाहा. ऊन, पानगळ आणि वारा ही निसर्गाची देणगी. ठिणगी बहुधा आपली. मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, कोणी विडीचे थोटूक टाकतो, आणि डोंगर पेटतो. मार्च २०२१ च्या अखेरीस बांधवगडचे जंगल कित्येक दिवस धुमसत होते.

आपल्या क्षिप्रेची कथाही याहून वेगळी नाही. उज्जैनला वर्षाकाठी सुमारे ९० सेंटिमीटर पाऊस पडतो. हे काही वाळवंट नव्हे. काळ्या मातीखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे, त्याच्या भेगांत मावते तेवढेच पाणी भूमी राखून ठेवते. हेच पाणी झिरपून पूर्वी हिवाळ्यातही नदीला मिळत असे. रब्बीच्या गव्हासाठी गावोगाव नलिकाकूप खोल गेले आणि नदीचा वाटा वरच्या वरच उपसला गेला. २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी उचलून क्षिप्रेत सोडण्याची योजना सुरू झाली. तरीही ५ जानेवारी २०१९ च्या शनिश्चरी अमावास्येला त्रिवेणीवर भाविकांना चिखलात स्नान करावे लागले. विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांची उचलबांगडी झाली. त्यांचा दोष असेलही. पण ते पाणी त्या दोघांनी उपसले नव्हते.

येथे एक शंका निघेल. मजूर मिळत नाहीत, भुसा करणारे यंत्र परवडत नाही, त्या शेतकऱ्याला पापी ठरवणारे आपण कोण? शंका रास्त आहे. कारण दाखवणे वेगळे आणि दोषाचा सगळा भार एकाच्या शिरावर टाकणे वेगळे. शासनाने नरवाई जाळणाऱ्यावर दंड बसवला आहे, तो असावा. परंतु स्वस्त गहू आपणही खातो, तेव्हा पर्यायी व्यवस्थेचा खर्चही सर्वांनीच उचलावयास हवा. शेजारच्या देवासने हे दाखवून दिले आहे. १९९० च्या सुमारास त्या शहराला रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. त्याच जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी शासनाच्या प्रोत्साहनाने हजारो शेततळी खोदली. पाऊस तोच होता, माणसे निराळी वागू लागली.

शिंदे, होळकर, पवार यांच्याबरोबर आपले पूर्वज या भूमीत आले. त्यांच्या वाड्यांत आधी विहीर असे. घरोघरी नळ आले आणि आपण त्या विहिरी कचऱ्याने बुजवल्या, काहींवर फरशी घातली. आमच्याही घरी हेच झाले. त्या वेळी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. पुढे उन्हाळ्यात नळ कोरडे पडू लागले, तेव्हा मात्र आम्हीही इतरांप्रमाणे म्हटले, “यंदा देवाने डोळे वटारले.”

देवाने डोळे वटारले असतील किंवा नसतील. विहीर मात्र आम्ही बुजवली होती. दैवाच्या खात्यावर काही मांडण्यापूर्वी आपल्या नावावरची रक्कम वजा करण्याइतका प्रामाणिकपणा आपण दाखवला, तर शिल्लक उरणारे दैव बहुधा सहन करण्याजोगे असेल.