मन पळाले तरी नाम सोडू नये

"हरिपाठाला आम्ही बसतो, पण मन काही बसत नाही," अशी तक्रार लालबाग-परळकडची मंडळी आम्हांस वारंवार सांगतात. मुखाने 'रामकृष्णहरि' चालू आणि आत चाळीच्या पुनर्बांधणीचा हिशेब! संक्रमण शिबिरात किती वर्षे काढायची? मुलाची नोकरी टिकेल काय? मग साधक स्वतःवरच चिडतो. असले नाम काय कामाचे, असे म्हणून पोथी मिटून ठेवतो. चुकते ते येथेच.

ही तक्रार नवी नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेच ती केली आहे. भगवंतांनी त्याला दोष दिला नाही; मन चंचल आहे हे मान्य करून अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले.

अभ्यास म्हणजे काय, ते आपल्या भजनातच पाहावे. बुवा चरण घेऊन पुढे जातात, टाळकरी पुन्हा ध्रुपदावर येतात. चरण लांबला म्हणून भजन मोडले, असे कोणी म्हणते काय? नाम हे आपले ध्रुपद. मन चिंतेकडे गेले असे ध्यानी येताच, त्याच्याशी न भांडता नामावर यावे. शंभर वेळा गेले तर शंभर वेळा यावे. हे परत येणे हाच अभ्यास होय.

कोणी म्हणेल, पोटाला चिमटा बसला म्हणजे हे कसे साधावे? प्रश्न खरा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणगावात संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. कित्येकांना गिरणीत पुन्हा काम मिळालेच नाही. अशा घरात एकट्याचे चित्त थाऱ्यावर कसे राहावे? म्हणून तर संतांनी संगत सांगितली. चार टाळकऱ्यांत बसावे. चिंतेने आपला सूर तुटला, तरी शेजारचा नाम धरून असतो; त्याला धरून आपण परत यावे.

आणि वैराग्य म्हणजे घर टाकणे नव्हे. दवाखाना, शाळेची फी, कचेरीतला अर्ज, जे आपल्या हातचे आहे ते उठल्याबरोबर करावे. नामाच्या आडून कर्तव्य चुकवू नये. जे हातचे नाही, ते पांडुरंगाच्या पायी ठेवावे. पुन्हा उचलले गेले, तर पुन्हा ठेवावे. विटेवरचा तो कंटाळत नाही; आपणही कंटाळू नये.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!