तीर्थ आणि तपासणी

माउली, चंद्रभागेत उतरून कुणी तंत्रज्ञ पाण्याचा नमुना घेऊ लागला, की ‘तीर्थाची परीक्षा कसली घेता?’ असे आपल्यातला कुणीतरी म्हणतोच. पण तो करतो काय ते पाहा. बाटली निर्जंतुक, तिच्या तोंडाला बोट लागू देत नाही. प्रवाहाकडे तोंड करून ती भरतो, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवतो. हे सोवळेच झाले की! पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतला एकही जंतू चालत नाही. तो सापडला असे लिहिणे ही तीर्थाची निंदा कशी? विष्ठा चंद्रभागेची नव्हे, आपली. वारीहून परतलेली आजी तेच तीर्थ भावाने नातवाच्या मुखात घालते. अहवालातले खरे तिला सांगायचे कोणी? त्या तंत्रज्ञाने, की वाळवंटात कीर्तनाला उभे राहणाऱ्या आम्ही?