वंशावळ विषाणूची, प्रश्न विवेकाचा

कुंडलिकेच्या काठावरील जुन्या जालन्यापासून समुद्र फार दूर आहे. तरीही सागरी माशांविषयीचा एक प्रश्न येथे बसून मांडावासा आम्हांला वाटतो. कारण तो मुळात बीजाचा प्रश्न आहे. बियाण्यांचा व्यवहार जालनेकरांना नवा नाही. पेरलेले उगवले नाही, की शेतकरी पिशवीवरील लॉट नंबर पाहतो आणि हे बी आले कोठून, याचा शोध घेतो.

माशांच्या पिलांनाही आपण मत्स्यबीजच म्हणतो. रायगडकडे आवडीने खाल्ला जाणारा जिताडा आज अंडी उबवून, पिले वाढवून संवर्धित केला जातो. त्याच्या कोवळ्या पिलांना ‘व्हायरल नर्व्हस नेक्रोसिस’ हा रोग जडतो. मेंदूतील आणि डोळ्यांच्या पडद्यातील पेशी नष्ट होतात, पिले गरगर फिरू लागतात आणि हौदच्या हौद ओस पडतात. हा विषाणू पाण्यातून पसरतो, तसाच नर-मादीकडून अंड्यांवाटे पुढच्या पिढीतही उतरतो. त्याच्या आरएनएची प्रत निघताना लहानसहान फरक पडत जातात. हे फरक ताडून कोणत्या तळ्यातील विषाणू कोणाचा जवळचा, याची वंशावळ शास्त्रज्ञ मांडतात.

मग माणसाच्या मनात पहिला प्रश्न उठतो: दोष कोणाचा?

हा प्रश्न जुना आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी हेच विचारले होते की, हे त्याच्या पापाचे फळ की आईवडिलांच्या? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि त्या मनुष्याला दृष्टी देण्याचे कार्य हाती घेतले.

याचा अर्थ, मूळ शोधूच नये असा आम्ही घेत नाही. मूळ कळले, तरच नर-मादीची तपासणी करता येते आणि पुढची पिले वाचतात. परंतु साम्य म्हणजे अपराध नव्हे. दोन तळ्यांतील विषाणू सारखे निघाले, तरी कोणी कोणाला दिला, हे तेवढ्यावरून ठरत नाही. दोघांकडेही तो तिसऱ्याच ठिकाणाहून, समुद्रातील रानमाशांकडूनही, आलेला असू शकतो.

शिवाय, सत्य सांगणाऱ्यालाच शिक्षा झाली तर पुढे कोण बोलेल? नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची जनुकीय ओळख तत्परतेने जगापुढे ठेवली, आणि अनेक देशांनी त्या देशाची विमानेच बंद केली. तळ्याचा धनीही हेच पाहून मेलेले मासे गुपचूप पुरून टाकील. आणि त्याच्या मौनाची किंमत शेजारी मोजील.

मात्र रोग ठाऊक असूनही जो बीज विकतो, त्याची गोष्ट निराळी. तेथे न्याय आहे, आणि झालेली हानी भरून देण्याचे कर्तव्यही आहे. दयेच्या नावाखाली लपवाछपवीला आसरा देता येणार नाही.

पापनिवेदनाला जाताना आपणही पापाचे मूळ शोधतो. ते शोधणे स्वतःला धिक्कारण्यासाठी नसते. जीवन पालटण्यासाठी असते. उपवासकाळातील शुक्रवारी आपल्या ताटात येणाऱ्या मासळीमागे कोणाचे तरी कष्ट आणि कर्ज असते. त्याला निर्भयपणे खरे बोलता यावे, एवढी जागा आपण त्याच्यासाठी राखणार आहोत काय?